पूल काय चालत जातो?

१ फेब्रुवारी

काल मेव्हण्याकडे जेवायला. जेवण हे निमित्त. हॉलमध्ये शिरलो तर समोरच्या भिंतीवर सोनेरी फ्रेममध्ये वंशावळ. सगळ्यांत वर एक दाढीवाला, त्याच्याखाली लिहिलंय ‘दिवाण’. पुरावा काय, असं विचारलं. म्हणाला, घरात सगळे सांगतात. विमा कंपनीत उभा जन्म मी लोकांचे क्लेम तपासले, म्हणजे बहुतेक फेटाळले. घरात सगळे सांगतात एवढ्यावर मी कुणाला हरवलेल्या छत्रीचेसुद्धा पैसे दिले नसते. शिवाय त्यांच्या घराण्यात आजवर कुणाला धड मिशी आलेली नाही. दाढी कुठून येणार?

निश्चय: आपलं मूळ घर शोधून काढायचं. ऐकीव गोष्टींवरून नाही, जुन्या नकाशावरून. आत्या या महिन्याच्या शेवटी कायमची मुलीकडे चालली आहे, समुद्रापलीकडे. तिचा फ्लॅट रिकामा झालाय, म्हणून तोवर मुक्काम आमच्याकडे. जायच्या आधी जन्मघराच्या पायरीवर एकदा बसायचंय म्हणते. बाबांच्या भावंडांत ती एकटीच उरली. तिथे तिला बसवायचं आणि शेजारी मेव्हण्याला उभं करायचं. मग बघू दिवाण.

३ फेब्रुवारी

अभिलेखागाराच्या साइटवर शहराचा जुना नकाशा मिळाला. आत्याच्या जन्माच्याही आधीचा. घरन् घर दाखवलंय, प्रत्येकाला आकडा. आकड्यांची सूची वेगळ्या कागदावर आहे, तिचे वेगळे पैसे. घेतली नाही. नकाशा वाचता येतो त्याला सूची लागत नाही.

आत्या शेजारच्या खोलीत भाजी निवडत होती. म्हणाली, कुठं होतं ते सांगू का? मी म्हणालो, नको. साक्षीदाराने आधीच बोललं की तपास बिघडतो. शिवाय परवा तिचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला. (माझाही एकदा सापडला होता, पण तो बायकोने ठेवला असणार.)

५ फेब्रुवारी

नकाशा मोठा प्रिंट करायला घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या गल्लीत गेलो. टेकाडाच्या उतारावर झेरॉक्सचं दुकान आहे, कोपऱ्यावरचं. जुनाट. दारात एक दगडी पायरी, अर्धी फुटपाथवर आलेली. अडखळलो. पडलो नाही, पण पडलो असतो तर? गुडघा, मग क्ष-किरण, मग क्लेम. असले क्लेम मी ढिगाने पाहिलेत.

झेरॉक्सवाल्याला म्हणालो, ही धोंड काढून टाका. तो म्हणाला, दुकान घेतलं तेव्हापासून आहे, म्हातारीकोतारी माणसं नंबर येईपर्यंत टेकतात, असू दे. मी म्हणालो, याला अतिक्रमण म्हणतात. त्याने नकाशाची प्रिंट चांगली काढली, हे मान्य. पण तत्त्व ते तत्त्व.

घरी येऊन मॅपवर त्याच्या दुकानाला एक तारा दिला. शून्य देता येत नाही. ही त्या अॅपची त्रुटी आहे.

६ फेब्रुवारी

पालिकेच्या तक्रार-अॅपवर पायरीची तक्रार नोंदवली. फोटो चार. मजकूर: दगडी पायरी, मधोमध खळगा, कडेला खोल खाचा, पाय अडकतो, पादचाऱ्यांच्या जिवाला धोका. अॅपमध्ये जागेवर टाचणी लावायची असते. लोक बेफिकिरीने कुठेही लावतात आणि मग कामं होत नाहीत म्हणून बोंबलतात. मी पुन्हा तिथे जाऊन, पायरीवर उभा राहून लावली. एक इंच इकडे तिकडे नाही. नंतर तीच टाचणी माझ्या संशोधनाच्या नकाशावरही घेतली, कामाचा नमुना म्हणून.

बायको म्हणाली, आत्या घर सांगायला तयार आहे ते ऐकायला वेळ नाही आणि लोकांच्या पायऱ्या मोजायला आहे. दुर्लक्ष.

८ फेब्रुवारी

आज मुख्य काम. जुना नकाशा आजच्या उपग्रहाच्या चित्रावर नेमका बसवायचा. त्यासाठी तेव्हाही असलेल्या आणि आजही असलेल्या तीन जागा शोधून, दोन्हीकडे खुणा करून जोडायच्या. व्हिडिओतला पोरगा म्हणाला, तिन्ही जागा लांब लांब घ्या. पोरगा पंचविशीचा असेल. मी त्याच्या वयाचा असताना आगीच्या पंचनाम्यावर सह्या करत होतो.

पहिली खूण: नदीवरच्या पुलाचं अलीकडचं टोक. दुसरी: पलीकडचं टोक. तिसरी: घड्याळाचा मनोरा. पहिल्या दोन सुंदर बसल्या. तिसरी लावताच सॉफ्टवेअरने लाल अक्षरांत चूक दाखवली. मनोरा चांगला फर्लांगभर सरकलेला! म्हणजे जुना सर्व्हेअर दारू पिऊन काम करत असणार. सरकारी नोकर, नवल काय.

मनोरा काढून टाकला. तिसरी खूण पुलाच्या मधोमध केली. चूक शून्य! शून्य म्हणजे शून्य. व्हिडिओखाली कॉमेंट टाकली की लांब लांब घ्यायची काही गरज नसते.

संध्याकाळी आत्या मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, हा पूल तो नव्हे रे, जुना पुरात गेला, मी परकरी असताना. हा मागाहून खाली बांधला. मी हसलो. म्हणालो, आत्या, माणसं जातात, पूल कुठे जात नाही. पूल काय पाय फुटून चालत जातो? ती म्हणाली, बरं बाबा. वाईट वाटलं थोडं. वय माणसाचं काय करून टाकतं.

११ फेब्रुवारी

सापडलं!!

नदीकाठी, पुलाला लागून एक भव्य आयताकृती वास्तू. मधोमध प्रशस्त मोकळं अंगण, चारी बाजूंनी भिंत, एकच मोठा दरवाजा. आकडा ४७. बाबा म्हणायचे, आपलं घर पुलाच्या जवळ होतं. पुलाच्या जवळ एवढी मोठी वास्तू दुसरी एकही नाही. बाकी सगळी काड्यापेटीएवढी घरं. आम्ही काड्यापेटीत राहत असू हे माझ्या बुद्धीला पटत नाही. माझा स्वभावच सांगतो की आमच्या रक्तात मोठं अंगण आहे.

बायकोला दाखवलं. तिने विचारलं, एवढं मोठं घर होतं तर तुमच्या बाबांना कॉलेजची फी भरायला सायकल का विकावी लागली? म्हणालो, घराणी बुडतात. ती म्हणाली, बुडायला आधी तरंगावं लागतं.

१३ फेब्रुवारी

आत्या आज आपणहून बोलत होती. थांबवेपर्यंत बरंच बोलून गेली. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, दारातल्या पायरीवर बसून धार लावायचे. आसपासचे शिंपी, न्हावी, सगळे यायचे. कात्र्या, वस्तरे. पायरीला घासून घासून खळगा पडला होता, त्यात पावसाचं पाणी साठायचं आणि ती त्यात कागदाच्या होड्या सोडायची. सांगताना हाताने खळगा करून दाखवत होती.

मनोरंजक. पण अर्थ लावता आला पाहिजे. एवढ्या मोठ्या वास्तूत एक माणूस पात्यांना धार लावतो, याचा अर्थ काय? शस्त्रागार. शिंपी आणि न्हावी हे लहान मुलीला सांगायचं वरवरचं कारण. आजोबा शस्त्रागाराचे प्रमुख असणार आणि कामात गुप्तता असणार. म्हणून कुठे नोंद सापडत नाही! नोंद नसणं हाच पुरावा. (हे वाक्य नोकरीत असताना कुणी मला म्हणाला असता तर त्याला मी खोलीबाहेर काढला असता. पण इथे गोष्ट वेगळी आहे.)

१४ फेब्रुवारी

पायरीच्या तक्रारीवर पालिकेचं उत्तर: ‘पाहणी केली. पायरी जुनी असून तातडीचा धोका दिसत नाही.’ संताप. तक्रार वरच्या अधिकाऱ्याकडे नेली. एक लांब पत्र जोडलं. या शहरात दगडाला किंमत आहे, माणसाला नाही, असं शेवटी लिहिलं. छान जमलंय.

१६ फेब्रुवारी

पितळी पाटी करायला टाकली. ‘या ठिकाणी आमच्या पूर्वजांचे निवासस्थान व शस्त्रागार होते.’ पाटीवाला म्हणाला, अक्षरांवर पैसे आहेत, शस्त्रागार गाळलं तर स्वस्त पडेल. गाळलं नाही.

रविवारी सगळ्यांना न्यायचं. मेव्हण्याला निरोप दिला. गाडी ठरवली. भाषण तयार.

आत्या सकाळपासून खूश आहे. कपाटातून कुठलीशी जुनी साडी काढून ठेवलीय. खरंच सापडलं का रे, असं दोनदा विचारलं. म्हणालो, चूक शून्य आहे.

१९ फेब्रुवारी, रविवार

लिहायचं नव्हतं. पण नियम तो नियम.

मोबाइल जिथे म्हणाला तिथे गाडी थांबवली. समोर गाड्या धुण्याचं सेंटर. आत एक ट्रक उभा, त्याच्यावर पाण्याचा फवारा. मी सगळ्यांना ओळीने उभं केलं आणि भाषण सुरू केलं. फवाऱ्याच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. धुणारा माणूस दोनदा म्हणाला, काका, बाजूला व्हा, भिजाल. पूर्वजांच्या जागेवर मला बाजूला व्हायला सांगतो. झालो. तोवर भिजलो होतो.

आत्या एका टायरवर बसली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. म्हणाली, इथून मनोरा दिसत नाही. आमच्या दारातून काटे दिसायचे. मी म्हणालो, झाडी वाढली असेल. तिथे एकही झाड नव्हतं.

तेवढ्यात मेव्हण्याने खिशातून मोबाइल काढला. त्या चोराने सूची विकत घेतली होती! चष्मा कपाळावर चढवून मोठ्याने वाचलं: सत्तेचाळीस, कोंडवाडा. मोकाट गुरं पकडून कोंडायची सरकारी जागा. मग म्हणाला, दाजी, पूर्वज नेमके आत होते की बाहेर? बायको हसली. माझी सख्खी बायको! धुणारा माणूससुद्धा हसला, आणि त्याला तर कोंडवाडा म्हणजे काय तेही माहीत नसणार.

आत्या हसली नाही. परतताना गाडीत एवढंच म्हणाली की, पाय दुखतात, आता पुन्हा बाहेर पडायला नको. असू दे रे, तू एवढं केलंस. साडी ट्रकच्या चिखलाने खराब झाली होती.

पाटी सोफ्याखाली आहे.

२० फेब्रुवारी

दोष कुणाचा ते शोधणं आवश्यक. उमेदवार: १) सर्व्हेअर २) सॉफ्टवेअर ३) मेव्हणा. दुपारी पुलावर जाऊन आलो. कठड्याला उद्घाटनाची शिळा आहे. वर्ष माझ्या नकाशानंतरचं. म्हणजे पालिकेने पूल पाडून घेतला, दुसरीकडे बांधला, आणि नकाशा वापरणाऱ्यांना कळवलं नाही. या शिळेशेजारून मी अख्खी नोकरी स्कूटरवरून गेलो. पण स्कूटर चालवताना वाचत बसणं धोक्याचं असतं.

आत्या म्हणालीच होती, असं बायको म्हणाली. म्हणालो, ती म्हणाली होती, तिने सिद्ध केलं नव्हतं.

२१ फेब्रुवारी

बायको सकाळी आत्याशी तासभर बोलत बसली आणि पिशवी घेऊन बाहेर पडली. जेवायच्या वेळी उन्हाने लाल होऊन परत. चेहऱ्यावर ते भाव. म्हणाली, घर गेलंय पण पायरी आहे! खळगा आहे, खाचा आहेत, दारात उभं राहिलं की मनोऱ्याचे काटे दिसतात. फोटो काढलाय, बघा. उद्याच आत्यांना नेऊ, रिक्षा अगदी दारापर्यंत जाते.

मी हात वर करून थांबवलं. फोटो बघितला नाही. जागा कुठली तेही सांगू दिलं नाही. आधी निष्कर्ष कळला तर माझा अभ्यास दूषित होतो. पायऱ्या काय, पैशाला पासरी आहेत. एकदा आत्याची फरफट झालीच आहे, आता पुन्हा ऐकीव माहितीवर तिला कुठेही नेऊन बसवणं मला मान्य नाही. मी नकाशावर खात्री करीन. मगच. दोन दिवस द्या.

बायको म्हणाली, तुमचे दोन दिवस मला माहीत आहेत. आत्या आतून म्हणाली, त्याला करू दे गं, त्याचं मन मोडू नको. पायरी कुठे पळून जातेय?

निदान एकीला तरी माझी पद्धत कळते.

२३ फेब्रुवारी, सकाळी

काल दिवसभर काम. यावेळी तीन खुणा लांब लांब घेतल्या: मनोरा, कारागृहाचा कोपरा, टेकाडावरची विहीर. (ही कल्पना माझीच. व्हिडिओतल्या पोराने नुसती बोलून दाखवली होती.) सगळं जुळलं. सर्व्हेअर शुद्धीत होता.

पूरक माहिती म्हणून आत्याला दोन प्रश्न विचारले. मनोऱ्यामागची गल्ली, उताराला लागल्यावर तिसरं, कोपऱ्यावरचं. आकडा ११२. काड्यापेटीएवढं. हरकत नाही. काड्यापेटी असली तरी कोपऱ्यावरची आहे.

११२ वर टाचणी लावली.

टाचणी दिसेना. पुन्हा लावली. दिसेना. मोठं करून बघितलं. तिथे आधीच एक टाचणी होती आणि नवी बरोबर तिच्याखाली जात होती. जुन्या टाचणीवर बोट ठेवलं. उघडली. ‘दगडी पायरी, मधोमध खळगा, कडेला खोल खाचा.’ फोटो चार.

एक इंच इकडे तिकडे नाही.

अॅप उघडलं. तक्रार मागे घ्यायचं बटण कुठेच नाही. पालिकेला फोन. संगीत. पुन्हा फोन. एक बाई म्हणाल्या, साहेब, तुम्हीच वरपर्यंत गेला होतात ना? आता निघतो आहे.

२३ फेब्रुवारी, दुपारी

रॅम्प आहे. सिमेंटचा. ओला. वर कुणीतरी गोणपाट टाकलंय.

झेरॉक्सवाला म्हणाला, काल माणसं आली, ब्रेकर लावला, तासात तुकडे करून गाडीत भरले. मी म्हणालो, तुकडे कुठे टाकले? तो म्हणाला, भरावात. कुठल्या? त्याला माहीत नव्हतं. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, तुम्हीच ना ते, नकाशावाले? झालं बघा तुमचं काम. टोमणा नव्हता बहुतेक. टोमणा असता तर बरं झालं असतं.

दारात उभा राहिलो. मनोऱ्याचे काटे दिसतात. स्पष्ट.

मोबाइल वाजला. तक्रार-अॅप. ‘आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे. आपण समाधानी आहात का? तारे द्या.’

बायकोला सांगितलं की पायरी गेली. कशी ते नाही सांगितलं. ती परवा मागे लागली होती माझ्या, उद्याच नेऊ म्हणून. स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

२६ फेब्रुवारी

उद्या आत्याचं विमान. पायरी नाही हे ऐकूनही म्हणाली, जागा तर आहे, चला. धुतलेली तीच साडी. चिखलाचा डाग पूर्ण गेला नाही.

रिक्षा खरंच दारापर्यंत जाते.

झेरॉक्सवाल्याने प्लास्टिकची खुर्ची आणली. आत्या बसली नाही. काठी बायकोकडे दिली आणि वाकून रॅम्पवरून हात फिरवला, जिथे खळगा असेल तिथे. सिमेंट गुळगुळीत होतं. मग मनोऱ्याकडे बघितलं आणि हसली. म्हणाली, पाच मिनिटं मागेच आहे अजून. तेव्हाही होतं.

बायकोने तिला मोबाइलवरचा तो फोटो दाखवला. मीही तेव्हाच पहिल्यांदा नीट बघितला. कडेच्या खाचा वस्तऱ्याच्या असणार, बारीक आहेत. आत्याने फोटोवर बोट फिरवलं तर पुढचाच फोटो आला, आमच्या गॅस सिलिंडरच्या पावतीचा. बायकोने परत मागे घेतला.

मग आत्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, रॅम्प बरा आहे हो, माझ्यासारखीच्या गुडघ्याला. पण इतकी वर्षं कुणाला खुपली नाही ती पायरी. आत्ताच कुणी रे काढायला लावली?

झेरॉक्सवाला मशीनवरून मान वर करून माझ्याकडे बघायला लागला. बायकोने त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी म्हणालो, असतात काही रिकामटेकडे लोक.

झेरॉक्सवाल्याने मान खाली घातली आणि कागद लावला.

आत्या म्हणाली, जाऊ दे, शिव्या नको देऊस कुणाला. घरात बोलायला माणूस नसेल बिचाऱ्याला.

मी हो म्हणालो.